बारा आणे गाडी

शर्यत सुरू झाली की उस्मानचाचा मैदानाकडे पाठ करून उभे राहत. नगरचे हे मोटारसायकल मिस्त्री डोळे मिटून फक्त इंजिनं ऐकत आणि कोण पुढे आहे ते वळूनही न बघता सांगत. "डोळा फितूर हुतो बेटा, कान न्हाई."

त्यांनी तयार केलेल्या गाडीवर पाथर्डीचा संतोष राहुरीजवळच्या मातीच्या ट्रॅकवर पहिला आला. दोन दिवसांत गाडी बनवणाऱ्या कंपनीने चौकात फलक लावला. भलीमोठी गाडी, आणि तिच्यावर चेहरा न दिसणारं एक हेल्मेट. मला किळस आली. "जिंकला माणूस आणि मिरवतंय लोखंड!"

चाचा हसले. "तू कामगारांची पत्रकं लिव्हतो, म्हनून तुला मानूस सोळा आने. संतोषला दूधवाल्याच्या गाडीवर बसव, मंग बघ. बारा आने गाडीच आसती. चार आने मानसाचे. पन जीव त्या चार आन्यातच जातो."

पुढच्या शर्यतीत ब्रेक अडकला. संतोष वळणावर फेकला गेला, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनचा खर्च कंपनी देणार होती, पण चूक चालकाची नसेल तरच. तिसऱ्या दिवशी कंपनीचे दोन साहेब गॅरेजवर आले. कागद टाईप करूनच आणला होता : चालकाने ब्रेक चुकीचा दाबला. खाली चाचांची सही हवी होती. बदल्यात गॅरेजवर कंपनीचा बोर्ड लागणार होता.

चाचांनी हात पुसले. "सायेब, जिंकलं तवा बारा आने तुमचे. पडल्यावर सोळाच्या सोळा पोराचे व्हय? ब्रेक धरतोय, हे मी सकाळी दोनदा बोललो. तुमी म्हनला, रेस होऊ द्या."

"लेखी आहे का काही, मिस्त्री?" एक साहेब दात काढून म्हणाला.

"न्हाई. आता देतो."

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : ब्रेक अडकत होता. सांगूनही गाडी सोडायला लावली. मी सोडली, ही माझीही चूक आहे.

कंपनीने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. दोष मिस्त्रीचा! संतोषचं ऑपरेशन झालं, चाचांना मैदानात बंदी झाली आणि त्याच साहेबांनी पुढच्या शर्यतीत सुरक्षिततेवर भाषण ठोकलं. ते मी तिथेच उभा राहून ऐकलं.

मी तसाच गॅरेजवर गेलो. "शेवटचं वाक्य कशाला लिहिलंत, चाचा? त्याच्यातच त्यांनी तुम्हाला अडकवलं!"

चाचा चेनला तेल देत होते. मान वर न करता म्हणाले, "किल्ली माज्या हातात हुती, बेटा. ते सोडून बाकीचं लिव्हलं आस्तं, तर त्यांच्या कागदात अन् माज्या कागदात फरक काय ऱ्हायला आस्ता?"