दगडावर न लिहिलेले नाव

हे लिहायला बसण्याआधी मी बरेच दिवस टाळाटाळ केली. आमच्या बंजारा तांड्यातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही, आणि घरी गोरबोली बोलणाऱ्या मला मराठीसुद्धा शाळेत गेल्यावरच नीट आली. अशा माणसाने देश आणि राष्ट्रपुरुष यांच्याविषयी लिहिणे म्हणजे आगाऊपणाच आहे. वाचकांनी माफ करावे. मला फक्त माझ्या हातून राहून गेलेल्या एका नावाबद्दल सांगायचे आहे.

यवतमाळला इंटरला असताना मी निबंधस्पर्धेत भाग घेतला. राष्ट्रपुरुषांनी देश कसा घडवला, असा विषय होता. हॉस्टेलच्या जेवणघरात तसबिरी लावलेल्या होत्या, त्यांच्याकडे बघत बघत मी लिहिले. ज्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत त्यांच्याही खांद्यावर हा देश उभा आहे, असे एक वाक्य त्यात होते. मला पहिले बक्षीस मिळाले. प्राध्यापकांनी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा माझे कान तापले होते.

त्याच प्राध्यापकांच्या ओळखीने दिवाळीच्या सुट्टीत मला नेरला एक काम मिळाले. स्वातंत्र्यासाठी आसपासचे जे लोक तुरुंगात गेले, त्यांच्या नावांचा दगड शाळेसमोर बसवायचा होता. यादीची स्वच्छ प्रत करून ती पाथरवटाला द्यायची, एवढेच माझे काम.

आमचा तांडा नेरपासून दोन कोसांवर. ही बातमी तिथे माझ्याआधी पोचली होती. मी घरी गेलो त्याच दिवशी शेजारचा बुढा आला. तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, सांगण्यावरून तो जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेला होता, हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक होते.

"नायक म्हने, घरटी एक मानूस जाईन. माया घरून मी गेलो. इळा घेऊन गेलतो."

"मग दादा?"

"मंग काय! गवत कापलं, पोलिसानं धरलं. गवत तं आपन रोजच कापत होतो. त्या दिवशी गळ्यात हार घालून कापलं, येवढाच फरक."

तो स्वतःच हसला. मग म्हणाला, "जेलातल्या कारकुनानं इचारलं, कोन तू? म्या सांगतलं, नायकाचा मानूस. त्यानं नायकाचंच नाव लिवलं."

"तुम्ही तुमचं नाव काहून नाही सांगितलं?"

"कायले सांगू? तांड्याचा कोनीबी धरला तं जबाब नायकाचाच."

ते खरे होते. तांड्याबाहेर आमचे लोक स्वतःच्या आधी नायकाचे नाव सांगत. त्यामुळे बुढ्याने तीन महिने नायकाच्या नावावर काढले होते. नायक मागेच वारला होता.

"सरकारी जागी एकडाव मायं नाव पायजे," बुढा म्हणाला. "मले वाचता येत नाई, पन हात लावून पाहीन. लिवजो बेटा."

मी लिहितो म्हणालो, आणि तेव्हा ते मनापासून म्हणालो होतो.

दगड बसवणाऱ्या समितीची बैठक अध्यक्षांच्या घरी, ओसरीवर झाली. ते निवृत्त हेडमास्तर होते. जुन्या कागदावरून ते एकेक नाव वाचत आणि मी लिहीत होतो. आमच्या नायकाचे नाव आले. मी ते लिहिले, तोच कापसाचे अडते म्हणाले, "हा कुठे गेला होता तुरुंगात? दर बाजाराला माझ्या दुकानासमोर उभा असायचा."

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, तांड्यावरचा कोणी गवताच्या चोरीत सापडला असेल आणि नायकाचं नाव सांगून मोकळा झाला असेल!"

सगळे हसले. थोडासा मीही हसलो.

हेडमास्तर हसले नाहीत. चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत त्यांनी विचारले, "या नावाबद्दल कोणाला काही माहीत आहे का?"

त्यांनी थोडा वेळ वाटही पाहिली. मी नेरकडचा आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते. तांड्यावरचा आहे हे मी सांगितले नव्हते. मी बोललो असतो तर त्यांनी ऐकून घेतले असते, याची मला आज खात्री आहे. तेव्हा मात्र मी पट्टी घेतली आणि त्या नावावर सरळ रेघ मारली. पुरावा नाही, असे पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत राहिलो. इतिहासाच्या तासाला शिकलेला शब्द मला असा कामी आला.

संध्याकाळी बुढा वाटेवरच बसलेला होता.

"लिवलं?"

"हो दादा."

"बारीक तं नाई लिवलं? मोठ्या अक्षरात लिवलं ना?"

"मोठ्या अक्षरात."

दगड बसवला त्या दिवशी परीक्षेचे निमित्त सांगून मी यवतमाळलाच राहिलो. उन्हाळ्यातही घरी गेलो नाही. पुढे कापसाच्या दिवसांत माझ्या बहिणीचे यजमान, भावजी, बाजाराला आले आणि हॉस्टेलवर मला भेटायला आले. ते चौथीपर्यंत शिकलेले. घरचे डबे त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"बुढ्याले नेरले घेऊन गेलतो," ते म्हणाले. "पागोटं धुवून आला होता. म्हने, वाच. म्या दगडावरची सारी नावं वाचली. म्हने, पुन्यांदा वाच. तीनदा वाचलं."

माझी मान वर होईना. "काय म्हणाले?"

"काई नाई. दगडाले हात लावला. मंग तिथंच बसून चिलीम ओढली. म्हने, तांड्यात बोलजो नोको, आपलं एकच पोरगं कालेजात हाये."

"आणि तांड्यात? लोकांनी विचारलं असेल ना?"

"इचारलं ना. सारा तांडा जमला होता." भावजींनी माझ्याकडे पाहिले नाही. "बुढाच बोलला, नाव हाये म्हने. पोरानं लय चांगल्या अक्षरात लिवलं म्हने."