मावशीचा हार

सत्तरच्या दशकात आमच्या वाशीमकडे जितकी माणसं गुदमरली, त्यांतली निम्मी आमच्या मावसाजींच्या स्टुडिओत गुदमरली, असा माझा ठाम दावा आहे. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, अनसिंगचे एकुलते एक फोटोग्राफर. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की फर्मान सुटे, "हलाचं नाई, हसाचं नाई, अन् मी म्हनतो तवरोक सास घ्याचा नाई." एवढं बोलून ते कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं खुपसत आणि तिथेच रमत. एकदा रिठदचा एक धडधाकट शेतकरी घेरी येऊन स्टुलावरून खाली आला, तर फडक्याआडून आवाज आला, "पाह्य, हालला ना." स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक कोट होता. पंचक्रोशीतले सगळे लग्नाळू मुलगे त्याच कोटात काढलेले. शेलूबाजारच्या एका वधूपित्याकडे एकाच आठवड्यात दोन स्थळांचे फोटो गेले तेव्हा त्याने निरोप धाडला, "कोट कोनाचा हाये ते सांगा, त्यालेच पोरगी देतो." फोटो धुवायची खोली म्हणजे घरातली न्हाणी. आत लाल दिवा लागला की मावशीची आंघोळ दुपारवर जाई. ती दाराबाहेर बादली घेऊन उभी राही आणि लग्न जुळवणाऱ्याचा उद्धार करी.

एवढं करून गावात त्यांना सगळे पासपोटवाले म्हणत, आणि ते त्यांना फार लागे. त्यांना कलावंत व्हायचं होतं. त्यामुळे वाशीमच्या एका वाचनालयाने स्थानिक चित्रकार आणि फोटोग्राफरांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा मावसाजींची झोप उडाली. लोकांनी एकदा तरी आपल्या फोटोसमोर थांबून पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण द्यायचं काय? सगळे फोटो कोटातले आणि गुदमरलेले. चांगला म्हणावा असा एकच होता, आणि तो चुकून निघालेला. अंगणात लहान कॅमेरा पुसताना मागे सरता सरता त्यांचा पाय कपड्यांच्या बादलीत गेला. चुलीपुढे भाकरी थापणारी मावशी पोट धरून हसली, आणि यांच्या बोटाखाली बटन दाबलं गेलं. तो फोटो मोठा करायचं नाव काढताच मावशी कडाडली. आमच्याकडे तेव्हा भिंतीवर एक तर देव असत, नाही तर गेलेली माणसं. "मले जितेपनीच टांगता काय?" असं तिने विचारलं. मावसाजींनी नाही नाही म्हणून शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी फोटोला चौकट करून घेतली.

उद्घाटनाला आम्ही सगळे एसटीने गेलो. एका भिंतीवर आमच्या चित्रकलेच्या मास्तरांचे नारळीच्या झाडांमागे बुडणारे सूर्य होते. मास्तरांनी नारळ फक्त देवापुढे पाहिलेला, पण ते असो. समोरच्या भिंतीवर मधोमध मावशी. तिने ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती पहिल्या रांगेत बसली. मावसाजी खांबाआड गेले.

पाहुणे म्हणून एक पुढारी आले होते. कुठल्याही समारंभात शिरलं की आधी प्रतिमेला हार घालायचा, ही त्यांच्या हाताची सवय. शिपायाने तबक पुढे केलं. पाहुण्यांनी भिंतीवर नजर फिरवली, सूर्याला हार घालता येईना, म्हणून त्यांनी तो मावशीला घातला. उदबत्ती ओवाळली, डोळे मिटले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "या माउलीच्या जाण्यानं आपलं जे नुकसान झालं, ते भरून निघणार नाही."

मग पहिल्या रांगेतून आवाज आला, "मी तं इतंच बसून हावो ना, बाप्पा."

जो हशा उठला तो काही केल्या थांबेना. मावसाजी पांढरेफटक पडून फोटो उतरवायला धावले. आयुष्यभराची हौस, तिचं असं हसू झालेलं. मावशीने त्यांचा हात धरला. "राहू द्या. मेल्यावर कोन हार घातला, मले काय दिसन? हा डोयानं तरी पाह्यला."

त्यावर सगळी माणसं उठून त्या फोटोपाशी आली. कोणी फोटोकडे पाही, कोणी मावशीकडे. मास्तरांचे सूर्य एकटेच बुडत राहिले. "हे हसू धरलं कसं?" असं कुणीतरी विचारलं, आणि मावसाजींनी बादलीचं नावच काढलं नाही.

मावशी गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तिच्या दिवसांना मी हार घेऊन गेलो, तर मावसाजी त्याच फोटोसमोर खुर्ची टाकून बसलेले. मी हार पुढे केला. त्यांनी तो घेऊन मांडीवर ठेवला. "तिचा हार झाला मांगंच. आता कायले?" म्हणाले. मी फोटो जवळून पाहायला खिडकीच्या बाजूने पुढे झालो. तर ते म्हणाले, "जरासा सरक ना बाबू. उजेड आडवून राह्यला तू तिचा."