कुणाच्याच कामी न येणारी वस्तू

केदारखेड्याच्या उषाबाईंना जन्मतारीख मिळाली ती पन्नाशीत, शाळेच्या व्हरांड्यात. आधार कार्ड काढणारा माणूस कॅमेरा मांडून बसला होता. त्यानं विचारलं, "मावशी, जन्म कधीचा?"

"माय म्हणायची, कापसाची वेचणी चालू होती तवा कळा आल्त्या."

माणसानं जरा डोकं खाजवलं. "मंग नऊ डिसेंबर टाकू का?"

"टाका," उषाबाई म्हणाल्या. "चांगली तारीख हाय."

तेव्हापासून नऊ डिसेंबर हा त्यांचा वाढदिवस. घरात तो ठाऊक होता एकट्या त्यांनाच. नात आकांक्षाचा केक दरसाली भोकरदनहून येई. नातू आदिनाथचा तर एकदा फाट्यावर बॅनर लागला होता. उषाबाईंना कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आधी आधी त्यांना याचं थोडं वाईट वाटायचं. यंदा मात्र, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, त्यातली सोय एकदम त्यांच्या ध्यानात आली. ज्या दिवसाची कुणाला खबरच नाही, त्या दिवसाबद्दल जाब कोण विचारणार? त्यांनी ठरवून टाकलं. नऊ तारखेला जालन्याला जायचं, एकटीनं, आणि आपल्यासाठी एक वस्तू घ्यायची.

वस्तूबद्दल त्यांची एकच अट होती. घरातल्या दुसऱ्या कुणाच्याही कामी ती येता कामा नये.

अट उगाच नव्हती. बचत गटाच्या कार्यक्रमात त्यांना थर्मास मिळाला, तो तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या, रामरावांच्या, मोटरसायकलला लटकून शेतात गेला. लेकानं, भारतनं, त्यांना मऊ ब्लँकेट आणलं, ते आदिनाथसोबत होस्टेलला गेलं. दिवाळीची मोरपंखी साडी लेक शीतलनं "आई, तू कुठं नेसतीस असले रंग" म्हणत पिशवीत घातली. मोबाईल होता, तो आकांक्षाच्या अभ्यासाला लागला. कुणी हिसकावून घेत नव्हतं. सगळे प्रेमानंच नेत होते. पण नेत होते.

नऊ तारखेला सकाळी उषाबाईंनी चहा ठेवताना जाहीर केलं, "आज जालन्याला चालले. डोळे दाखवायचेत."

रामराव बशीतून मान वर न करता म्हणाले, "वेचणीच्या दिवसांत? चल, मी येतो संगं."

"तुम्ही आले तर बायांवर ध्यान कोण देणार? मागच्या साली तुम्ही लग्नाला गेल्ते तवा अर्धा कापूस बोंडातच राह्यला."

रामरावांना ते पटलं. सून सुरेखा मात्र सासूकडं बघत राहिली. डोळे दाखवायला जाणारी बाई नाकातली ठेवणीतली नथनी घालून जाते का, असं तिच्या मनात आलं असावं. ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, पिशवी मोठी न्या."

बसमध्ये अर्ध्या तिकिटाची खिडकीजवळची जागा मिळाली. विकलेल्या शेळीच्या पिल्लाचे पैसे कमरेला होते. राजूर मागं पडलं, तशा उषाबाई रस्त्याकडच्या मोसंबीच्या बागा अशा बघू लागल्या, जशा काही त्या परमुलखातून आल्यात.

जालन्यात उतरून त्या आधी साडीच्या दुकानात शिरल्या. गादीवर ऐसपैस बसल्या, चहाला हो म्हणाल्या. विक्रेत्यानं पाच साड्या उलगडल्या. पहिली शीतलच्या अंगावर दिसली, दुसरी सुरेखाच्या. तिसरीचे आकांक्षानं कापून दोन ड्रेस शिवलेले दिसले.

"अशी दाखवा," उषाबाई म्हणाल्या, "की कुणी मागणार न्हाई."

विक्रेता गोंधळला. "मावशी, तसला माल आम्ही ठेवत न्हाई."

"एखादी तरी असंल ना पडून राह्यलेली?"

त्यानं मालकाकडं बघितलं. मालकानं खरंच वरच्या फळीवरून एक साडी काढायला लावली. जांभळी, तिच्यावर पिवळे पोपट. उषाबाईंनी ती खांद्यावर टाकून आरशात बघितली, आणि स्वतःलाच हसू आवरेना. पण मागाहून मनात आलं, गायीला वासरू झालं की थंडीत पांघरायला हीच जाईल. त्यांनी साडी घडी करून ठेवली, चहा चांगला होता असं सांगितलं आणि उठल्या.

चपलांच्या दुकानात एक लालचुटूक चप्पल पायात चपखल बसली. पण सुरेखाचा पायही तेवढाच.

"एक नंबर लहान द्या."

"ती तुम्हाला चावंल ना, मावशी."

"तिलाबी चावंल," उषाबाई म्हणाल्या. दुकानदाराला "ती" कोण ते कळलं नाही. मग आपण चप्पल घ्यायला आलोय का सुनेवर डाव टाकायला, असं वाटून त्या स्वतःच ओशाळल्या आणि बाहेर पडल्या. काळा चष्मा लावून बघितला, तो आकांक्षा दुपारपर्यंतही आपल्याकडं राहू देणार नाही. छत्री, डबा, घड्याळ, सगळं सगळ्यांच्या कामाचं. बडी सडकेवर एवढी दुकानं, आणि एका बाईपुरती वस्तू एकातही नव्हती.

थकून त्या एका हॉटेलात बसल्या आणि रबडी मागवली. ती संपल्यावर दुसरी मागवली. पोटात गेलेलं कुणी नेत नाही, हे खरं. पण घरी न्यायला त्यातलं काही उरतही नाही.

हॉटेलच्या समोरच फोटो स्टुडिओ होता. काचेमागं मोठमोठ्या फ्रेमा. टोपी घातलेले आजोबा, कपाळभर कुंकवाची आजी, एक फौजी. उषाबाईंनी चमचा खाली ठेवला. आपला एकटीचा फोटो. तो कोण नेईल? कुठं वापरील?

स्टुडिओवाल्याचं नाव कल्याण. पस्तिशीचा, मवाळ बोलणारा माणूस. उषाबाईंनी हातानं माप दाखवलं. "माझा फोटो काढायचा. एवढा. फ्रेमसहित."

कल्याणनं त्यांच्याकडं आणि मग त्यांच्या मागं दाराकडं बघितलं. "घरचं कुणी आलं न्हाई का, आजी?"

"न्हाई. फोटो माझा हाय."

"न्हाई, म्हंजे... एवढा मोठा फोटो लोक..." तो घुटमळला. "लोक मागून काढतात."

"मागून काढला तर मला कसा दिसंल?"

कल्याणनं कॅमेरा उचलला. त्यानं त्यांना स्टुलावर बसवलं, दिवे लावले. "हनुवटी थोडी वर. हसू नका, आजी."

"का?"

"या साइजमध्ये हसत न्हाईत."

हे ऐकून उषाबाईंना जे हसू फुटलं, ते थांबेचना. कल्याणनं दोनदा थांबून बघितलं, तिसऱ्यांदा वैतागून बटण दाबलं. संगणकावर फोटो आला. पुढचे दोन दात जरा वाकडे, नथनी चमकलेली, आणि डोळे असे, की आत्ताच कुणाची तरी खोडी काढून आलीय.

"हाच," उषाबाई म्हणाल्या.

खाली नाव टाकायचं होतं. त्यांनी सांगितलं, कल्याणनं टाइप केलं. उषाबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ते पहिलं अक्षर काय हाय?"

कल्याणनं बघितलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कै. उषाबाई रामराव" असं छापायला निघालं होतं. "माफ करा, आजी. ते आधीपासूनच भरून ठेवलेलं असतंय. दरवेळी लागतंय ना."

"काढ ते. खाली जन्म म्हणून नऊ डिसेंबर टाक."

"आणि त्याच्या खालची ओळ? तीबी काढतो."

उषाबाईंनी विचार केला. "तिथली जागा राहू दे मोकळी. घाई न्हाई, पण पुन्हा कोण तुझ्याकडं येणार?"

मोठ्या फ्रेमसोबत चंदनाचा हार फुकट होता. तो त्यांनी परत केला आणि त्याऐवजी लहान फोटो मागितले. घासाघीस करून चार मिळवले. तासाभरानं फ्रेम तयार झाली. आकाशी रंगापुढं हसणाऱ्या उषाबाई, दीड हात उंच. कल्याणनं ती वर्तमानपत्रात बांधून दिली.

परतीच्या बसला गर्दी होती. फ्रेम त्यांनी खिडकीच्या जागेवर सीटच्या पाठीला टेकवून उभी केली आणि स्वतः कडेला बसल्या. ऊन येत होतं म्हणून पदर कपाळावर ओढून घेतला. पुढच्या सीटच्या पत्र्याला लागून कागद टरकन फाटला आणि फोटोचा चेहरा उघडा पडला. शेजारी उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ, सर्जेराव नावाचे, राजूरला उतरणारे, त्यांनी तो बघितला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले.

"कवा गेल्या, बाई?"

खरं सांगायचं, तर इथं उषाबाईंना चूक दुरुस्त करता आली असती. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण त्यांनी पदर आणखी खाली ओढला आणि म्हणाल्या, "लई दिवस न्हाई झाले."

"तुमच्या कोण?"

"जवळच्याच."

"चेहरा बघा ना, किती समाधानी," मागून एक बाई म्हणाली. "कशा होत्या सोभावानं?"

"लई गुणाची बाई," उषाबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांना उजळणी झाल्यासारखं झालं. "कुणाला उलटून बोलली न्हाई. हाताला चव अशी, की भाजीत मीठ कमी पडलं तरी कळू नये. दिसायलाबी बरी होती. तिच्या नवऱ्यानं कधी म्हणून दाखवलं न्हाई, ते सोडा."

"नवरे तसेच असतात," मागची बाई म्हणाली.

"कापूस तर अशी वेचायची, तिचा हात धरणारी बाई तालुक्यात न्हाई."

दोन-चार जण हळहळले. सर्जेरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, तेव्हा मात्र उषाबाईंना थोडी लाज वाटली. स्वतःची एवढी स्तुती त्यांनी जन्मात ऐकली नव्हती, आणि ती स्वतःच करावी लागली होती.

राजूरला बस थांबली. सर्जेराव उतरले, खिडकीखाली उभे राहून पुन्हा हात जोडले. तिथंच गावचा वसंता उभा होता. त्यानं आधी हात जोडणारे सर्जेराव बघितले, मग खिडकीतली फ्रेम. त्याचा चेहरा पांढरा पडला. पदराआडच्या उषाबाई त्याला दिसल्याच नाहीत. त्यांनी पदर सारून "ए वसंता" अशी हाक मारली, तोवर बस हलली होती आणि वसंतानं मोबाईल कानाला लावला होता.

रामरावांचं काळीज किती मोठं ते उषाबाईंना ठाऊक होतं. म्हैस आजारी पडली तरी हा माणूस जेवत नसे. कंडक्टरचा मोबाईल मागितला, पण घरचा एकही नंबर त्यांना पाठ नव्हता. केदारखेड्यापर्यंत त्या सीटच्या टोकावर बसून राहिल्या.

फाट्यावर वीस-पंचवीस माणसं होती. चहाच्या टपरीच्या बाकावर रामराव बसले होते, हातात पाण्याचा भरलेला ग्लास, तो कुणीतरी दिलेला आणि तसाच राहिलेला. सुरेखा तोंडाला पदर लावून उभी. उषाबाई दीड हाताची फ्रेम छातीशी धरून बसमधून उतरल्या.

रामराव उठले. त्यांनी आधी फोटोकडं बघितलं, मग बायकोकडं, मग पुन्हा फोटोकडं.

"डोळे दाखवायला गेल्ती ना तू?"

"दाखवले की," उषाबाई म्हणाल्या. "बघा, किती चांगले आलेत."

सुरेखा आधी हसली. मग टपरीवाला. रामरावांनी ग्लासातलं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि पुन्हा बाकावर बसले. ते रागावले होते.

घरी गेल्यावर कळलं, की वसंताच्या फोननंतर सरपंचांचे भाऊ काकासाहेब, गावाच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकण्याचं काम ज्यांच्याकडं असतं, ते लगेच आले होते. त्यांना फोटो हवा होता.

"सगळं घर धुंडाळलं," रामराव म्हणाले. ते उषाबाईंकडं न बघता बोलत होते. "तुझा एकटीचा फोटोच न्हाई. लग्नातला हाय, त्यात तू मुंडावळ्यांमागं. शीतलच्या लग्नातला हाय, त्यात तू पंगतीला वाढून राह्यली. आधार कार्डावरचा दिला, तर काकासाहेब म्हणे, ह्या कोण?"

उषाबाईंना यावर काहीतरी तिखट सुचलं होतं. पण त्यांनी ते गिळलं. "आज माझा वाढदिवस हाय," त्या म्हणाल्या.

आकांक्षानं आधार कार्ड हातात घेऊन तारीख बघितली. "आज्जी, खरंच की." मग ती फोटोकडं वळली. "मला दे ना हा, माझ्या खोलीत..."

"न्हाई," उषाबाई म्हणाल्या.

सासू-सासऱ्यांच्या फोटोंशेजारी लावायला रामराव बिलकुल तयार झाले नाहीत. बराच वाद होऊन तो समोरच्या खोलीत टीव्हीच्या वर लागला. त्यामुळं रामरावांना बातम्या बघताना रोज बायको आपल्याकडं बघून हसताना दिसे. आठ दिवस ते कुरकुरत राहिले. नंतर एक दिवस सुरेखानं त्यांना फोटोच्या काचेवरची धूळ उपरण्यानं पुसताना पकडलं.

शेजारच्या चांगुणाबाई फोटो बघायला आल्या आणि बराच वेळ त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "तो फोटोवाला कुठं बसतो म्हणाल्या?"

"तुमचा वाढदिवस कवा असतो?"

"मला काय ठाऊक?"

"आधार कार्ड घेऊन या," उषाबाई म्हणाल्या. "न्हाई पटली तारीख, तर आपण दुसरी बघू."