मोगली एरंडावर रबर

आमच्या टेम्पोचं चाक पंक्चर झालं, की मी ते काढतो, एसटीत चढवतो आणि परभणीपलीकडं पूर्णेला नेतो. माझ्या नर्सरीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, पंक्चरचं दुकान आहे. तिथला मालक हात करतो. मी बघत नाही. का, ते आज सांगतो, कारण आमच्या मानवत गावात लोक उलटंच सांगत फिरतात.

ते दुकान अण्णाचं. अण्णा मूळचा केरळचा, पण इथं टायर जोडता जोडता त्याची बोली आमच्याहून आमची झाली. गावाकडं त्याच्या घरची रबराची बाग आहे. माझ्या घरी बाग सोडा, बांधही नव्हता. रस्त्याकडच्या पडीक तुकड्यावर मोसंबीचे डोळे बांधून मी नर्सरी उभी केली. माझ्या हातचं कलम मरत नाही, हे तालुका सांगतो. आणि सांगितल्या भावात मी काही घेत नाही, हेही. एकदा पंक्चरच्या पैशांवरून घासाघीस चालली असताना अण्णा वैतागला.

"मामा, तुमच्या हातानं दगडाला पालवी फुटंल. पण रबर न्हाई जगायचं."

"आणा की मग. बघू."

तिथंच पैज लागली. माझ्या जमिनीत रबराला पालवी फुटली, तर अण्णा जन्मभर माझी पंक्चरं फुकट काढणार. नाही फुटली, तर तो सांगेल तो भाव मी तोंडातून शब्द न काढता देणार. हे ऐकून बायको म्हणाली, "अहो, हरलात तर दिवसभर बोलणार काय तुमी?"

अण्णा गावी जाऊन आला. येताना पिशवीभर बी आणि नमुना दाखवायला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक डोळकाडी घेऊन आला. रीत त्यानंच समजावली. बी पेरायचं, रोप बोटाएवढं जाड झालं की सालीत खाच घ्यायची, चीक पुसायचा, चांगल्या झाडाच्या काडीवरचा डोळा सालीसकट बसवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळायचं. डोळा धरला की खालच्या रोपाचा, म्हणजे खुंटाचा, शेंडा छाटायचा. मोसंबीचंच काम. प्रश्न फक्त बियांच्या भावाचा होता.

"मामा, लवकर घ्या. हे बी थांबत न्हाई. मरायलंय."

आता मला सांगा, बाजारात कोणता विकणारा असं म्हणत नाही? टोमॅटोवाला म्हणतो सडायलेत, बकरीवाला म्हणतो दुसरं गिऱ्हाईक यायलंय. असं बोलणारा माणूस हमखास खाली उतरतो. मी चहा पीत राहिलो. अण्णा रोज उतरत गेला आणि रोज तेच म्हणत गेला. आठवडी बाजार दोनदा होऊन गेला, तेव्हा त्यानं पिशवी माझ्या मांडीवर आपटली.

"फुकट न्या."

"वर काय देता?"

त्यानं काडीही दिली. एवढा चोख सौदा मी जन्मात केला नव्हता.

घरी बायकोनं एक बी दगडानं फोडून हुंगलं. खवट. दुसरं फोडलं, तेही तसंच. पिशवीच मेलेली. माझी तक्रार इथं आहे. बी खरंच मरत होतं, तर अण्णानं विकणाऱ्यासारखं कशाला बोलावं? शपथ घ्यायची, रडायचं, काहीतरी वेगळं करायचं.

काडी मात्र हिरवी होती. डोळे होते, खुंट नव्हता. मी कुंपणाकडं बघत बसलो. कुंपण मोगली एरंडाचं. मोडला की चीक येतो. रबरालाही चीक. मोसंबीचा डोळा आपण जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधतोच की. मी सुरी घेतली आणि काडीवरचे सगळे डोळे कुंपणाला बांधून टाकले.

बातमी पसरली. येणारे-जाणारे गाडी थांबवून विचारू लागले, "मामा, चपला कवा लागायच्या? माझी नऊ नंबरची धरून ठेवा."

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. सगळे डोळे काळे पडले होते, एक सोडून. तो नखानं खरवडला, आत हिरवा. मी अण्णाला बोलावलं. तो पान्हा हातात घेऊनच आला, त्यानंही खरवडलं.

"हिरवा हाय," त्याला म्हणावं लागलं. "पण पालवी कुठाय?"

मग रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो कुंपणापाशी यायचा. त्याला पाणी घालतानाही मी पाहिलं. आणि एके दिवशी पट्टी होती तिथंच कोंब फुटला. पान उलगडल्याबरोबर मी पेढे आणले. अण्णानं पेढा खाल्ला, मग चष्मा लावला.

"मामा, रबराच्या एका देठाला तीन पानं असतात. ह्याला एकच हाय. कोंब डोळ्याच्या खालून आलाय. एरंड हाय हा."

"तीनच कशाला? दोनवर मिटवा."

"पानं हायेत मामा, पेरू न्हाईत."

"बरं, तुमचं न्हाई, माझं न्हाई. दीड."

बायको कुंपणावरचे कपडे काढत होती. तिनं येऊन त्या हिरव्या डोळ्याला बोट लावलं. तो खपलीसारखा तिच्या हातात आला. "झालं," ती म्हणाली. "आता गप बसा."

पुढं पंक्चर झालं तेव्हा शब्दाला जागून मी अण्णाकडं गेलो. त्यानं भाव सांगितला. मी भांडून जिथवर आणायचो, त्याहून कमी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पैसे दिले. तो हसत होता. असा लुटला मी कधी गेलो नव्हतो.

म्हणून पूर्णा. तिथला पंक्चरवाला दुप्पट सांगतो, मी निम्म्यावर आणतो. जाण्यायेण्याचं धरून महाग पडतं, असं बायको म्हणते. पण घासाघीस करायला पूर्णेपर्यंत थांबावं कशाला लागतं? एसटीत चढलो की कंडक्टर चाकाचं वेगळं तिकीट मागतो, आणि गाडी परभणीत शिरली तरी आमचं ठरलेलं नसतं.