दोन्ही हातांवरचा मांडा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी सोनगीरचा किल्ला पाहून उतरलो, तेव्हा ड्रायव्हरने गावात ओळखीच्या घरी जेवायला नेलं. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं आणि पुढ्यात एक म्हातारी बसलेली. सगळे तिला अक्का म्हणत. नाव मी विचारलंच नाही.

तिने बांगड्या कोपराकडे सारल्या, पुरण भरलेला गोळा उचलला आणि या हातावरून त्या हातावर टाकू लागली. बघता बघता तो पसरून कोपरांपर्यंत गेला. इतका पातळ, की पलीकडचा जाळ त्यातून लालसर दिसत होता! आता फाटेल, मग फाटेल असं मला वाटत होतं. ती मात्र सुनेशी गप्पा मारत होती. फोटो काढायला उघडलेला मोबाइल माझ्या हातात तसाच राहिला.

भाजलेला पहिला मांडा तिने पितरांच्या घागरीपुढे ठेवला. दुसऱ्याची घडी घालून माझ्यासमोर धरली. मी एक हात पुढे केला.

“मोबाइल खिसामा ठेव, भाऊ. मांडा दोन्ही हातवर लेतस.”

घरी फोटो दाखवले. किल्ला होता, चूल होती, रिकामं खापर होतं.

“आणि मांडा केवढा होता?” बायकोने विचारलं.

मी मोबाइल खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.