पहिल्या वर्तुळातली पाटी

बोईसरला माझं टीव्ही, मिक्सर आणि टीव्हीवरच्या गेमचं दुकान आहे. आज इतकी वर्षं झाली, तरी चार माणसं जमली की कोणीतरी हमखास म्हणतंच, "कोरोनात तुझी तर चांदी झाली असेल! घरी बसून सगळं जग गेमच खेळत होतं." आणि माझं टाळकं फिरतं. पेपरात आलं होतं म्हणे, की गेमवाल्यांना सुगीचे दिवस आले. आले असतील. कुठे आले, कोणाला आले, ते पेपरवाल्यांनी आमच्या गल्लीत येऊन दाखवावं. माझ्याकडे आले ते किस्से. दुकानाच्या माळ्यावर रिकामे खोके साठतात तसे ते साठलेत. टाकवत नाहीत, आणि कोणी एक ओढला की बाकीचे अंगावर येतात.

तर ओढलाच आहे तुम्ही, तर ऐका.

*

पहिल्या लॉकडाऊनमध्ये माझं शटर बंद. शेजारचा केमिस्ट नितीन मात्र राजासारखा बसलेला, कारण तो अत्यावश्यक. एके दिवशी उंदरांनी वायरी खाल्ल्यात का बघायला मी शटर गुडघाभर वर केलं, तर खालून एक डोकं आत. कॉलनीतला ओळखीचा गृहस्थ. गेम पाहिजे, आत्ता पाहिजे. तेवढ्यात मागे हवालदार उभा. त्यानं दरडावून विचारलं, हे काय अत्यावश्यक आहे का?

गृहस्थ उभा राहिला, मास्क नीट केला आणि म्हणाला, "साहेब, घरात आम्ही सहा जण, खोल्या दोन. आज गेम मिळाला नाही तर पंचनाम्याला तुम्हालाच यावं लागेल."

हवालदारानं त्याला घरी पिटाळलं, मला शटर पाडायला लावलं, वर चार शब्द सुनावले. संध्याकाळी फोन. आवाज ओळखीचा, पण एकदम मऊ.

"शेट, मघाशी तो माणूस म्हणत होता ना... माझ्याकडेपण दोनच खोल्या आहेत."

*

दुकानं उघडायला परवानगी मिळाली, तीही आळीपाळीनं. एक दिवस रस्त्याची ही बाजू, एक दिवस ती. दुकानासमोर अंतर राखायला मी पांढऱ्या रंगानं वर्तुळं काढली. ती वर्तुळं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

टीव्हीला जोडून गेम खेळायचे महागडे कन्सोल तर केव्हाच संपले होते. मग लोकांनी माळ्यावरचा जुना माल उतरवायला लावला. ते स्वस्तातले टीव्ही गेम असायचे ना, ज्याच्या कॅसेटवर '९९९९ गेम' असं छापलेलं असतं? दहा वर्षं कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. दोन दिवसांत सगळे गेले.

एमआयडीसीतल्या एका कामगारानं खोलीवरच्या मित्रांत वर्गणी काढून त्यातला एक नेला. कारखाना बंद, गावाला जायची सोय नाही. काही आठवड्यांनी तो कॅसेट घेऊन परत आला. मला वाटलं, बिघडली.

"नहीं सेठ, चलता है. हम लोगों ने पूरा गिना. चालीस के बाद फिर वही शुरू होता है." आणि अगदी सरळ चेहऱ्यानं त्यानं हात पुढे केला. "बाकी का गेम दे दो."

हजारो कॅसेटी विकल्या असतील मी आयुष्यात. मोजायला वेळ असलेलं पहिलं गिऱ्हाईक ते!

*

आता हा ऐकून तुम्हीच सांगा, माणसाला राग येणार की नाही.

आमच्याकडे एक गुरुजी आहेत. दरवर्षी शाळा सुरू झाली की माझ्या दुकानासमोर थांबून, मला ऐकू जाईल अशा आवाजात पालकांना सांगणार की हा माणूस पोरं बिघडवतो. एकदा तर ते सह्यांचा अर्ज घेऊन फिरले होते. त्या गुरुजींचा लॉकडाऊनमध्ये फोन. जुना, वापरलेला का असेना, एक कन्सोल मिळेल का? नातवंडं घरात अडकलीत, ऑनलाइन शाळा सुटली की आजीला छळतात. वर अट घातली की मिक्सरच्या खोक्यात घालून पाठवा, सोसायटीत लोक बघतात.

मी पाठवला. मिक्सरच्या खोक्यात, टेप लावून. आठ दिवसांनी गुरुजी फोनवर तणतणत होते. झालं असं, की शेजारणीनं खोकं बघितलं होतं. तिचा मिक्सर जळाला, दुरुस्तीवाला बंद, म्हणून ती वाटीत खोबरं घेऊन रोज दारात. आज बिघडलाय, उद्या वायर नाही, परवा पातं नाही, अशी गुरुजींची कारणं संपत आली.

"मग आता काय करू म्हणता?" मी विचारलं.

"एक मिक्सर पाठवा," गुरुजी म्हणाले. "कन्सोलच्या नको, मिक्सरच्याच खोक्यात."

*

आता मुद्द्याची माणसं. एक चिराग, मुंबईच्या डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन. दुसरी हिरूमावशी. तारापूरच्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या गावातली. वर्षानुवर्षं माझ्या दुकानासमोर मासळी विकायला बसते. घरची बोट आहे, नवरा दामू तिचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा.

कन्सोल बाजारातून गायब झाले तेव्हा चिरागनं फोनवर स्कीम सांगितली. एका कन्सोलमागे एक रूम हीटर घ्यावा लागेल. मी म्हटलं, चिराग, तू बोईसरला कधी आलायस का? इथे माणूस डिसेंबरात पंखा लावून झोपतो. त्यावर तो म्हणाला, "सर, माल पाहिजे तर स्कीम घ्या, मागे लाइन आहे." न खपणारा माल गरजेच्या मालाच्या गळ्यात बांधून आमच्यासारख्या छोट्या दुकानदाराच्या बोडक्यावर मारायचा, याला हे लोक स्कीम म्हणतात! मी सांगून टाकलं, हीटर घेणार नाही. कन्सोल नको.

इकडे गिऱ्हाइकं मलाच चोर ठरवत होती. मागे लपवलायस ना, दुप्पट भावानं काढशील ना. एकानं तर काउंटरखाली वाकून बघितलं.

त्याच सुमारास एका सकाळी बघतो तर पहिल्या वर्तुळात मासळीची एक रिकामी पाटी, म्हणजे टोपली. हिरूमावशीची. मी म्हटलं, मावशी, पाटी उचल, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माजा नंबर हाय तो. गेमचा खोका आला का पयला माजा."

त्यांच्याकडे बंदरावर बोटी लागल्या की बायका ओळीनं पाट्या ठेवतात. ज्या क्रमानं पाटी, त्या क्रमानं मासळी. बाई जागेवर नसली तरी पाटी म्हणजे बाई. तोच कायदा तिनं माझ्या दारात लावला. रोज संध्याकाळी पाटी घरी, सकाळी पुन्हा पहिल्या वर्तुळात. जो येईल तो विचारायचा, मावशी, नातवाला का गं? ती नुसती मासळीवरच्या माश्या हाकलायची. मीही एकदा चेष्टेनं तेच विचारलं. तेव्हा ती उठून काउंटरशी आली.

"भाऊ, तांडेलासाठी हाय. बोट सुकीवर वडून ठेवलीय. आदी कोरोना, आता पावसाची बंदी. समुद्रावर ऱ्हायलेला मानूस घरात बसून बिगडाय लागलाय. सांजचा बाटलीकडं जातो. परवा भरतीच्या वक्ताला खडकावर पडलेला गावला." मग म्हणाली, "भाच्याकडं कॉलनीत ह्यो गेम हाय. तिथं बसला, तर दिवसभर उठला नाय. ते दिशी बाटली नाय."

आणि नव्या जाळ्याला ठेवलेले पैसे ती ह्यात घालणार होती.

चिरागवरचा माझा राग माझ्यापाशी, पण पाटी तिची अडलेली. मी दुकानात गेलो आणि चिरागला फोन लावला. म्हटलं, पाठव. हीटरसकट पाठव.

*

कन्सोल आला तो एकच. टेम्पोतून खोकं उतरत होतं, तेवढ्यात मोठी गाडी थांबली. मुंबईचे एक साहेब केळव्याला बंगला भाड्यानं घेऊन तिथून ऑफिसचं काम करत होते. त्यांना कोणीतरी खबर दिली असणार. मास्क हनुवटीवर. आल्या आल्या पहिल्या वर्तुळातली पाटी पायानं बाजूला सारली आणि त्यात उभे राहिले.

"बरं झालं," म्हणाले. "मुंबईत कुठेच नाही. म्हटलं, अशा गावाकडच्या दुकानात पडून असेल. इथे कोण घेणार हे?"

मी म्हटलं, गेला तो.

"किती जास्त देऊ?"

मी सांगितलं, छापील किमतीवर एक रुपया नाही, आणि त्या किमतीतही तुम्हाला नाही. तुम्ही ज्या पाटीला लाथ मारलीत, तिचा आहे.

साहेब हसले. पाटीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. तोवर ती रस्ता ओलांडून आली होती. त्यांनी तिलाच नंबर विकत मागितला. पाटी डोक्यावर असली म्हणजे कमरेला पैसे नसतात, हा शहरातल्या लोकांचा हिशेब!

मावशीनं पाटी उचलली, पदरानं पुसली.

"बंदरावर पाटी सारली ना, तर बायका मानसाला पान्यात ढकलतात," ती म्हणाली. "हितं पानी नाय, म्हनून कोरडा हायस. हट."

साहेब हटले. मी खोकं छापील किमतीला तिच्या पाटीत ठेवलं. ते डोक्यावर घेऊन ती टमटमकडे निघाली, तेव्हा नितीन केमिस्ट गल्ल्यावरून उठून बाहेर आला होता. लॉकडाऊनभर तो कोणासाठी उठला नव्हता.

*

हीटर मात्र राहिला माझ्याच उरावर. पावसानं मावशीचे सुके बोंबील लिबलिबीत झाले होते. एका दुपारी तिनं विचारलं, ह्यो डबा गरम होतो का? मी लावून दिला. अर्ध्या तासात बोंबील कडक आणि अख्ख्या गल्लीत तो वास. नितीन नाक धरून ओरडत आला, की लोक माझ्याकडे वास येत नाही म्हणून औषध घ्यायला येतात, आणि इथे येऊन बरे होऊन जातात!

मी चिरागला कळवलं, तुझा हीटर बोंबील वाळवायला लागला. मोठेपणानं म्हणाला, "बघा सर, स्कीम चांगली होती." मी फोन आपटला आणि शपथ घेतली, उपाशी मरेन पण पुन्हा हीटर घेणार नाही.

*

त्यानंतर बरेच दिवस मावशी त्या विषयावर बोलली नाही. मीही विचारलं नाही. विचारायला भीतीच वाटत होती. जाळ्याचे पैसे होते ते.

मग एका सकाळी शटर उघडतोय, तर मावशी दारात. डोळे लाल, केस कसेतरी बांधलेले, चेहऱ्यावर हा राग. म्हटलं, तांडेल पुन्हा बाटलीकडे जायला लागला की काय.

"मावशी, काय झालं? तांडेल कुठाय?"

"घरात. दुसरं कुठं असनार?" ती कडाडली. "येकच रिमोट दिलास तू खेळाचा. हरलो का तुला देतो म्हनतो. हरतच नाय मेला!"

मी सांगितलं, मावशी, सुटे रिमोटही बाजारात नाहीत. चिरागकडे आहेत, पण त्यांच्यामागेही हीटर घ्यायला लावतो तो, आणि मी शपथ घेतलीय.

तिनं वाकून पाटी पहिल्या वर्तुळात ठेवली.

"घे हीटर," ती म्हणाली. "मला त्याला हरवाचा हाय."