लुगड्याचा दोर

आमचा पोरगा नागपूरला राहतो आणि त्याचं म्हणणं एकच, आता बस करा. त्या थंडीच्या आठवड्यात त्याचा फोन आला तेव्हा मी गोरसीत निखारे घालून हात शेकत होते आणि आमचे हे गुडघ्याला तेल चोळत होते.

"माय, या वयात उन्हाळी धान कायले लावून राहिले तुमी? इकडं या, आराम करा."

मला आराम म्हटलं की राग येतो, आणि राग आला की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. "परे मेले तर येतो आमी नागपूरले, कायमचे. जगले तर हा विषय पुन्हा काढाचा नाई."

"पक्कं?"

"पक्कं!"

फोन ठेवला. हे माझ्याकडे बघत होते. "मले विचारलं का?" म्हणाले, आणि पुन्हा तेल चोळू लागले.

परे म्हणजे धानाची कोवळी रोपं. आमच्या केशोरीकडे उन्हाळी धानाचे परे ऐन थंडीत टाकावे लागतात. आमचे बोटभर वर आले आणि नेमकी तेव्हाच थंडी कडाडली. पहाटे पात्यापात्यावर दव बसायचं. ते ऊन चढेपर्यंत तसंच राहिलं की शेंडे पिवळे पडतात आणि चार दिवसांत अख्खी बांधी, म्हणजे शेताचा तो तुकडा, मरून बसते. शेजारची बसायला लागलीच होती.

यावर आमच्याकडे जुना उपाय आहे. दोघांनी समोरासमोरच्या धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, उभं राहायचं, मधे दोर ताणायचा आणि शेंड्यांवरून हलकेच ओढत न्यायचा, की दव झडतं. लोक नायलॉनचा दोर घेतात. मी हात लावत नाही त्याला, कोवळं पातं चिरतं त्यानं. माझा दोर माझ्या जुन्या लुगड्याला पीळ घालून केलेला. मऊ असतो, पाणीही पितो. शेवटी पिळला की तांब्याभर दव निघतं. सांगते कशाला, गावात असा दोर दुसरा नाही.

पण दोघांची चाल सारखी पाहिजे. एक पुढे गेला की दोर तिरपा होतो, सैल पडतो आणि परे झोपवतो. आता माझी चाल घोड्यासारखी आणि यांचा गुडघा दुखरा. पहिल्या दिवसापासून मी ओरडत होते, "अजी, चला ना! काऊन थांबून राहिले?" 

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बांधीचे पिवळे शेंडे पाहिले आणि माझा जीवच थाऱ्यावर राहिना. नागपूरचं पोराचं चौथ्या मजल्यावरचं घर डोळ्यांसमोर आलं. मी दोराला असा हिसका दिला की हे धुऱ्यावरून घसरले ते थेट बांधीतल्या गार पाण्यात. कमरेपर्यंत चिखल.  धावत गेले, हात धरून वर काढलं. दात वाजत होते, तरी म्हणतात, "माह्याखाली किती परे मेले ते पाह्य आधी."

घरी आणून गोरसीपाशी बसवलं, दोन घोंगड्या घातल्या. मला रडू आलं. म्हटलं, "जाऊ द्या जी. जाऊन राहू नागपूरले. तुमच्यापेक्षा धान मोठं नाई."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर अंथरूण रिकामं आणि खुंटीवरचा दोरही नाही. धावत बांधीवर गेले. हे त्यांच्या धुऱ्यावर कानाला मफलर बांधून उभे, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या धुऱ्यावर दगडाखाली ठेवलेलं. "घे," म्हणाले. "अन् माह्या आवाजावर चाल." मग प्रत्येक पावलाला म्हणू लागले, "होऽ... होऽ..."

"मले बैल समजून राहिले का?"

"बैल आयकते तरी," हे म्हणाले.

मी हसले, पण चालले त्यांच्या चालीनं. त्या दिवशी दोर कुठेच सैल पडला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांच्या चालीनं पहिल्यांदा चालले असेन, आणि मला माझ्या म्हाताऱ्याचा असा अभिमान वाटला की काय सांगू.

रविवारी पोरगा गाडी घेऊन आला. आमच्या सामानासाठी मोठी रिकामी बॅगही आणली होती. थेट बांधीवर आला. आजूबाजूच्या बांध्या पिवळ्या आणि आमची मधोमध हिरवीगार. त्यानं धुऱ्यावर उकिडवं बसून शेंड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माय, सरक. आज मी ओढतो."

दिलं टोक. धट्टाकट्टा गडी तो, चार ढांगांत पुढे निघून गेला. दोर सैल पडला, कोपऱ्यातले परे आडवे झाले. हे पलीकडून कडाडले, "अरे, थांब! तुह्या मायची चाल पाह्य कशी हाये ते!"

तुह्या मायची चाल! मी पदर खोचला, पोराच्या हातातून टोक घेतलं. पलीकडून आवाज आला, "होऽ..." आम्ही दोघं निघालो आणि त्या टोकापर्यंत दोर सरळच्या सरळ गेला. पोरगा तोंड उघडं टाकून बघत होता. मी दोर त्याच्यासमोर पिळला.

घरी यायला निघताना त्यानं पुढच्या सीटवरची ती रिकामी बॅग स्वतःच मागे डिकीत टाकली. मग खाली मान घालून म्हणाला, "अजून चार दिवस थंडी हाये म्हणते. थांबू का मी?"

"थांब ना बाबू," मी म्हटलं. "आमी दोघं बांधीवर गेलो का घरी चहा मांडाले कोनी तरी लागतेच."